दोन गोळ्या, एक बाक

पिंपरी, ११ जानेवारी १९७४

श्रीमान डॉक्टर जयसिंगराव यांस,

तक्रार गंभीर आहे, म्हणून आधी ती मांडतो, क्षेमकुशल मागाहून. दिवाळीत आपण आमच्या दारातून रागारागाने निघून गेलात, तेव्हा आपल्या उजव्या पायात आपली चप्पल होती आणि डाव्या पायात माझी. रागाने बुद्धी जाते एवढे जुन्या शास्त्रकारांनी लिहून ठेवले आहे. दाजींची चप्पलही जाते, हे लिहायचे त्यांच्याकडून राहून गेले. तेव्हापासून मी डाव्या पायाने परळचा डॉक्टर आणि उजव्या पायाने पिंपरीचा भाषांतरकार असा कंपनीत जातो. आपली डावी मऊ आहे, हे कबूल. पण ती जरा घमेंडीत वाजते.

जाताना तुम्ही म्हणालात, "मला आता पत्र लिहू नका. आक्काच्या रक्ताचा रिपोर्ट तेवढा कळवत जा." तेव्हा हे पत्र नव्हे, चपलेचा रिपोर्ट समजावा.

भांडण कशावरून झाले हे आपण दोघेही आपापल्या सोयीने विसरू, म्हणून एकदा माझ्या बाजूने मांडून ठेवतो. लहानपणीच्या सांधेतापाने तुमच्या आक्काच्या, म्हणजे माझ्या रंभेच्या, हृदयाची झडप आकसली. तिथे साकळलेली रक्ताची गुठळी सुटून गेल्या वर्षी पायाच्या धमनीत अडकली, तेव्हा तुम्ही तिला मुंबईला नेऊन पाय वाचवलात. हे उपकार आहेत आणि मी ते मानतो. तेव्हापासून ती रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी घेते. पुढची गुठळी मेंदूत गेली तर कुणाचेच हात पोचणार नाहीत, म्हणून ही गोळी जन्मभराची. तुमचे म्हणणे, अशा माणसाने डॉक्टरच्या नजरेखाली, म्हणजे तुमच्या घरी, राहावे. तिचे म्हणणे, "आणि माझी बालवाडी?" दिवाळीत तुम्हाला कळले की तिने रक्ताची एक तपासणी चुकवली. त्यावर अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही मला म्हणालात, "दाजी, तुम्ही जन्मभर शब्द तपासत बसा. माणूस हातचं जाईल तेव्हा कळेल." चोख उत्तर सुचले, पण तोवर तुम्ही स्टेशनवर पोचला होतात.

आता रिपोर्ट. डिसेंबरची तपासणी तुम्ही आखून दिलेल्या मर्यादेत आहे. दुसरी बातमी तुम्हाला आवडणार नाही, कारण तिच्यात तुमचा हात नाही. रंभेचे गुडघे बरे झाले. तुम्हाला ठाऊकच आहे, बालवाडीत खुर्ची चालत नाही; मुले जमिनीवर, म्हणून बाई जमिनीवर. उठताना ती खेळण्यांच्या पेटीला धरायची, आणि मुले "बाई, हेऽऽ हुप्प!" म्हणून तिला जोर द्यायची. परवा ती पेटीला हात न लावता उठली. मुलांचा चक्क हिरमोड झाला.

हे कुणी केले? आमच्या शेजारच्या सरूबाईने. आमच्या कॉलनीची एक रीत आहे. इतरत्र शेजारणी विरजण मागून नेतात, आमच्याकडे गोळ्या. औषधाच्या कारखान्याची वस्ती. कुणाचा नवरा गोळ्या दाबतो, कुणाची जाऊ बाटल्यांना बुचे लावते. त्यामुळे पापडाची लाटी आणि तापाची गोळी यांत इथे कुणी फारसा भेद मानत नाही. सरूबाईच्या चिमाजीची कंबर धरली होती, त्याला चिंचवडातल्या कुण्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. तो बरा झाला आणि गोळ्या उरल्या. सरूबाई वाटीत घालून घेऊन आली. "वैनी, आमच्या ह्यांची कंबर पार गेली व्हती. ह्या गोळ्यांनी गडी पुन्हा ड्युटीवर उभा ऱ्हायला. तुमी बी घ्या की. उरल्यात त्या काय देव्हाऱ्यात ठिवायच्यात?" तिने नंतर आणखीही आणून दिल्या.

हे तुम्हाला लिहू नका असे रंभेने बजावले आहे. म्हणूनच लिहितो. गोळीचे नाव मी विचारले नाही. दिवसभर तीच नावे मराठीत आणल्यावर घरी नकोशी होतात.

बाकी ठीक. हिरड्यांतून जरासे रक्त येते, पण ती मिशरी लावते. आरोपी उघड आहे.

तुमचा (डावीकडून),
अर्जुनराव


पिंपरी, २३ जानेवारी १९७४

जयसिंगराव,

उत्तर नाही. मौन हे संमतीचे लक्षण मानले तर चप्पल परत येणार. रागाचे मानले तर तीही गेली.

आमच्याकडे नवीन काही नाही. नवीन एवढेच की काल आमच्या साहेबांनी मला बोलावले. औषध रक्तातल्या प्रथिनांना चिकटून वाहते, यासाठी मी 'प्रथिनबद्ध' असा शब्द केला होता. साहेब म्हणाले, "अर्जुनराव, हे मराठी आहे की श्राद्धाचा मंत्र?" मी म्हटले, "साहेब, मंत्र असता तर लोकांनी न समजता पाठ केला असता. हा शब्द समजला म्हणूनच तक्रार आली." साहेब हसले. शब्द मात्र काढला.

रंभेच्या दंडावर एक निळा डाग आहे. बालवाडीतल्या एका पोराने धरून ओढले म्हणे. पोर चार वर्षांचे आहे. त्याच्या बोटांची खूण हवी होती, तर डाग माझ्या तळहाताएवढा आहे. मी पाहतो आहे असे दिसताच तिने पदर ओढून घेतला. "पंपाला लागलं," म्हणाली. "मघाशी पोर म्हणालीस," मी म्हटले. "पोराने ओढलं, म्हणून पंपाला लागलं. आता खटला भरणार का?" तिचा युक्तिवाद निर्दोष होता, म्हणून मी खटला मागे घेतला.

रक्ताची तपासणी या आठवड्यात होती. ती म्हणते, सव्वीस जानेवारीचे झेंडावंदन होऊ दे. मुलांचे गाणे बसवायचे आहे, एक दिवस पुण्याला घालवणे परवडणार नाही. गुडघ्यांमुळे तिच्या अंगात असा उत्साह आहे की, आडवे यावेसे वाटत नाही. बऱ्याच दिवसांनी ती घरात गुणगुणते. तुम्ही लहान असताना तुम्हाला मांडीवर घेऊन हेच गायची, असे म्हणाली. तुमची आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची आणि तुम्ही दोनचे, हे मला ठाऊक होते. गाणे ठाऊक नव्हते.

हे मी काळजीने लिहीत नाही. सहज लिहितो.

अर्जुनराव


(कंपनीच्या छापील कागदावर)
माहितीपत्रक विभाग, पिंपरी
२९ जानेवारी १९७४

माननीय डॉक्टरसाहेब,

आमच्या विभागात एका माहितीपत्रकाचे मराठी भाषांतर चालू आहे. त्यासंदर्भात तज्ज्ञांचे मत अपेक्षित आहे.

एक औषध रक्तात असताना दुसरे घेतल्यास पहिल्याचा जोर वाढतो काय? उदाहरणार्थ (केवळ उदाहरणार्थ) वॉर्फरिन आणि सांधेदुखीवरचे फेनिलब्युटाझोन. वॉर्फरिनची मात्रा तीच ठेवली असतानाही असे होऊ शकते काय?

तसेच, पत्रकाच्या पूर्णतेसाठी: नाकातून वाहणारे रक्त किती वेळात थांबले पाहिजे? शनिवारी झेंड्यापुढे उभे असताना सुरू झाले, आणि मुलांची गाणी संपून खाऊ वाटून होईपर्यंत चालूच होते, तर त्याला उन्हाचा दोष म्हणावे काय? जानेवारीतले ऊन तसे सौम्य असते.

छपाई थांबली आहे. उत्तर लवकर मिळाल्यास सोयीचे होईल.

आपला,
अर्जुनराव, भाषांतरकार


पिंपरी, १२ फेब्रुवारी १९७४

जयसिंगराव,

तुम्ही पुण्याच्या हॉस्पिटलात पोचलात त्यानंतरचे सगळे तुमच्या डोळ्यांदेखत झाले. ते लिहीत नाही. आधीचे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तिथे खाटेशेजारी तुम्ही विचारले नाही, मीही सांगितले नाही. आपण दोघे तिच्या दोन बाजूंना बसून सलाइनच्या नळीकडे बघत होतो. चपलांचा विषय निघाला नाही यावरूनच प्रसंग कळावा.

माझी पहिली दोन पत्रे तुम्ही फोडलीच नाहीत, असे तुम्ही म्हणालात. अक्षर ओळखून बाजूला ठेवलीत. तिसरे कंपनीच्या पाकिटातून टंकलिखित पत्त्याने आले म्हणून फोडले. (त्यातले गोळीचे नाव मी झेंडावंदनानंतर चिमाजीच्या चिठ्ठीवर वाचले होते.) माझे अक्षर इतके ओळखीचे आहे, याचा अभिमान बाळगावा की कसे, ते अजून ठरले नाही.

ट्रंक कॉल आला तेव्हा मी विभागात नव्हतो. टेलिफोनवरची बाई कॅन्टीनपर्यंत धावत आली. "मुंबईहून अर्जंट कॉल आहे. बोलणारे फार रागावलेत." मी म्हटले, "मग तो माझ्याच मेहुण्याचा." फोन कानाला लावला तोच तुमचा आवाज:

"दाजी, पत्रक गेलं खड्ड्यात. आक्का ती गोळी किती दिवस घेतेय?"

"केवळ उदाहरण—"

"दाजी!"

"वर्ष लागल्यापासून."

मग अगदी हळू आवाजात तुम्ही विचारलेत, "लघवी लाल होते का?" मी म्हटले, तिने तसे सांगितलेले नाही. तुम्ही म्हणालात, "ती सांगणारच नाही. जाऊन विचारा. दोन्ही गोळ्या बंद. आत्ता, या क्षणी पुण्याला न्या. ठेवा फोन."

मी बालवाडीत गेलो. मुलांना डबे उघडायला लावून ती मधोमध बसली होती. सगळ्यांसमोर हे विचारायचे कसे? मी तिला बाजूला बोलावले. माझे तोंड पाहून ती उठली, पेटीला न धरता, आणि माझ्याआधीच बोलली, "कालपासून होतंय लाल. परवा बीटाची कोशिंबीर केली होती ना."

"बीट मीही खाल्लं," मी म्हटले.

तिने मदतनीस भिमाबाईला मुलांकडे बघायला सांगितले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "पोरांसमोर घाई करू नका. सावकाश चालू या."

कारखान्याच्या दवाखान्याची जीप मिळाली. दापोडीपर्यंत ती नीट बोलत होती. हॅरिस पुलावर ट्रकांची रांग अडकली होती, तिथे तिने माझा हात धरला आणि पोटात कळ येते म्हणाली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, समोरचा ट्रकवाला उतरून भांडायला आला, आणि जीपमध्ये डोकावून पाहताच स्वतःच पुढे जाऊन रस्ता मोकळा करू लागला. तिच्या नाकाला लावलेला माझा पंचा मी तोवर पाहिलाच नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर मला तो दिसला.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. जीवनसत्त्व के, दोन बाटल्या रक्त, आणि ते तरुण डॉक्टर सारखे म्हणत होते, "आणखी एक दिवस गेला असता तर." त्यांना वाक्य पूर्ण करायची सवय नाही. बरेच झाले.

घरी सोडताना तुम्ही तिला जे बोललात त्याबद्दल मात्र मला लिहायचे आहे. "आक्का, पुन्हा मला न विचारता असली गोळी घेतलीस तर तुझा भाऊ मेला असं समज." तुम्ही घाबरून बोललात, हे मी जाणतो. घाबरलेला माणूस रागावलेल्यासारखाच दिसतो. पण तिने ते ऐकून मान हलवली, आणि ती मान मला होकाराची वाटली नाही. तुम्हाला मांडीवर वाढवणाऱ्या बाईला तुम्ही तुमच्या मरणाची शपथ घातलीत. आता ती तुमच्याशी खोटे बोलणार नाही. फक्त काही सांगणार नाही.

सरूबाई रोज येते आणि दारातूनच परत जाते. आत बोलावले तर रडते. "म्या मारली असती वैनीला." रंभाच तिला समजावते.

अर्जुनराव


पिंपरी, २४ फेब्रुवारी १९७४

प्रिय जयसिंगराव,

तुमचे लांबलचक पत्र पोचले. तुमच्याकडून चार पाने येण्यासाठी रंभेला दोन बाटल्या रक्त घ्यावे लागले. दर जरा चढा वाटतो. पण पत्र उत्तम आहे. तुम्ही डॉक्टर झालात आणि एक मास्तर वाया गेला.

तुम्ही लिहिलेले रंभा आणि सरूबाई दोघींना मी समजावून सांगितले. अल्ब्युमिन म्हटल्यावर सरूबाईने कपाळाला हात लावला, म्हणून मी उदाहरण घेतले. ते तुम्हाला कळवतो, म्हणजे चूक असेल तर सुधाराल.

मी म्हटले, रक्तात एक प्रथिन असते, ती आपली शिफ्टची बस. वॉर्फरिन आत आले की जवळपास सगळे त्या बसमध्ये चढते आणि बाकावर बसते. शंभरातले नव्याण्णव बसलेले, एकच रस्त्यावर. बाकावरचा प्रवासी कुणाच्या अध्यातमध्यात नाही. काम करतो तो रस्त्यावरचा. डॉक्टरने मात्रा ठरवली ती त्या एकट्याच्या हिशेबाने. आता गुडघ्याची गोळी आली. तिलाही तीच बस, तेच बाक आवडते, आणि तिची कोपरे जबर. तिने दोघांना ढकलून खाली उतरवले. बसमध्ये बघाल तर काहीच फरक नाही, अजून सत्त्याण्णव बसलेच आहेत. पण रस्त्यावर एकाचे तीन झाले. रंभा गोळी तेवढीच घेत होती, आणि रक्तावर मात्र तिप्पट मंडळी कामाला लागली होती.

"आत्ता गं बया," सरूबाई म्हणाली. "म्हंजी गोळी वाईट न्हवती. बाकावरनं भांडान झालं."

यकृतातही काही अडवणूक होते आणि त्याचा अभ्यास अजून चालू आहे, हे तुम्ही लिहिलेत. ते मी सांगितले नाही. उदाहरण एकदा जमले की त्यात आणखी प्रवासी कोंबू नयेत.

रंभा चुलीशी बसून ऐकत होती. मग तिने विचारले, "म्हणजे दोघींना एकदम बसमध्ये बसवता येत नाही, एवढंच ना?"

"एवढंच," मी म्हटले. नेमके समजले म्हणून मला आनंद झाला. वर्गात एखादी मुलगी पहिल्याच फटक्यात संधी सोडवते, तसा.

वॉर्फरिन पुन्हा सुरू केले आहे. तुम्ही पाठवलेली नवी बाटली फळीवर आहे, लहान मात्रा, रात्री जेवल्यावर. गुडघे पूर्वीसारखेच, नव्हे, आणखी वाईट. तुम्ही सांगितलेली साधी तापाची गोळी आणि मिठाचा शेक चालू आहे. त्याने शेकणाऱ्याचे हात बरे होतात. बालवाडीत तिच्यासाठी खुर्ची आणली आहे. मुलांनी तिच्याकडे पाहणेच सोडले. खुर्चीवरची बाई त्यांना शाळेतली वाटते. ती त्यांच्यातली राहत नाही. बालवाडी चालवणारी मंडळी चांगली आहेत, त्यांनी फार हळुवारपणे सुचवले की एप्रिलपासून एखादी तरुण बाई बघू, रंभाताईंनी आता आराम करावा. रंभेने त्यांना चहा केला. ती मंडळी गेल्यावर उरलेला चहा तिने मोरीत ओतला आणि बशी आपटली नाही. आपटली असती तर मला बरे वाटले असते.

मी म्हटले, "आपण चार दिवस मुंबईला जाऊन येऊ." ती म्हणाली, "जयसिंग मोठा झाला. आता त्याला मी कशाला?"

तिला मूल झाले नाही, हे आपण कधी बोलत नाही. बोलत नाही म्हणून ते कमी होत नाही.

अर्जुनराव


पिंपरी, १९ मार्च १९७४

जयसिंगराव,

आधी आनंदाचे. रंभा पुन्हा जमिनीवर बसते.

गेल्या सोमवारपासून खुर्ची कोपऱ्यात गेली. मी दुपारी जेवायला घरी येताना बालवाडीच्या खिडकीशी थांबलो. ती मुलांबरोबर कोंबडीची चाल चालत होती, उकिडवी, हाताचे पंख करून. सगळ्यांत पुढे तीच. मुले हसून लोळत होती. भिमाबाई मला पाहून म्हणाली, "बघा की, बाईंना पुन्यांदा पाय फुटल्याती." बालवाडीच्या मंडळींनी नव्या बाईचा विषय काढून टाकला. संध्याकाळी रंभेने गोडाचे केले.

मी विचारले, "गुडघे बरे दिसतात."

"शेकाने," ती म्हणाली.

मी तो शेक करतो, जयसिंगराव. त्याने काय होते ते मला ठाऊक आहे.

मी लगेच हिरड्या पाहिल्या. म्हणजे, तिला हसवले आणि पाहिल्या. स्वच्छ. दंड पाहिले. डाग नाही. बीट करायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सरळच विचारले, तिने सरळच उत्तर दिले, "नाही, लाल नाही. उगाच भिऊ नका." मी चार दिवस अगदी सुखात होतो. गुडघे बरे आणि रक्तस्राव नाही, म्हणजे शेकालाच यश आले असे मानायला मी तयार झालो होतो. माणूस शिकलेला असला की स्वतःला फसवायला त्याला जास्त शब्द मिळतात.

काल फळीवर चष्मा शोधताना हाताला वॉर्फरिनची बाटली लागली. ती एव्हाना संपून मी तुमच्याकडे दुसरी मागायला हवी होती. ती भरलेली आहे. जवळपास तुम्ही पाठवलीत तशीच.

मग मला तिचा प्रश्न आठवला. दोघींना एकदम बसवता येत नाही, एवढंच ना? मी 'एवढंच' म्हणालो होतो. शपथ तिने मोडली खरी, पण धडा मोडला नाही. तुम्हाला न विचारता गोळी घेतली, आणि रक्त वाहू नये म्हणून दुसरी उतरवून ठेवली. बसमध्ये भांडण नको म्हणून. माझ्या उदाहरणात त्या प्रवाशाला का बसवले होते, खाली उतरल्यावर त्याचे काम कोण करणार, हे मी सांगितलेच नव्हते. मला वाटले ते तिला ठाऊक आहे.

आणि ते तिला ठाऊक आहे. इथेच माझी अडचण होते.

आज सकाळी मी सरूबाईला गाठले. म्हटले, खरे सांग, गोळ्या तू देतेस? तिने देवाची आण घेतली. "आवो दादा, त्या दिसापासनं गोळीला हात लावला न्हाई म्या. वैनी सोताच चिंचवडला गेल्या व्हत्या. मला म्हनल्या, सरू, माजे गुडघे माजेच हायेत." मग ती रडली. मी तिला रडू नको म्हणालो, कारण नळावर बायका जमू लागल्या होत्या.

मी रंभेला अजून विचारलेले नाही. तुम्ही म्हणाल, मूर्खपणा आहे, आजच विचारा, आजच हात धरून न्या. मला मान्य आहे. उद्या तिला मी रक्ततपासणीला नेतो आहे. ती चल म्हणाली तर ठीक, नाही म्हणाली तरी नेणार. पण तपासणीत रक्त घट्ट झाले आहे एवढे कळेल, आणि ते तर मला बाटलीनेच सांगितले. त्यानंतर घरी आल्यावर ती काय करील, ते कुठल्या तपासणीत कळायचे?

गुठळी होताना दुखत नाही, कळत नाही, असे तुम्ही हॉस्पिटलच्या जिन्यात मला सांगितले होते. रक्त वाहिले की निदान दिसते. आता मी तिच्याकडे पाहतो तर ती ठणठणीत आहे. सकाळी पाणी भरते, मुलांना गोष्ट सांगते, रात्री माझ्याआधी झोपते. मी जागा राहून तिचा श्वास ऐकतो, आणि तिने कूस बदलली की दोन्ही हात हलले का ते बघतो.

तुम्ही या. शपथ मागे घ्यायला या. औषधाची पेटी आणू नका, रागावू नका, मुंबईचे नाव काढू नका. बालवाडीच्या पायरीवर जाऊन बसा आणि तिला विचारा की गुडघ्यासाठी दुसरे काही करता येईल का, कितीही वेळ लागला तरी. तुमच्याकडे काही नसेल तरी विचारा. मी विचारले तर ती विनोद करील, मीही करीन, आणि तो विषय तिथेच राहील. आमचे लग्न होऊन सत्तावीस वर्षे झाली. आम्हाला दुसरे बोलता येत नाही.

जयसिंग, ती चुकून करत असती तर मी चूक दाखवली असती. ती समजून-उमजून करते आहे. चालता येण्याच्या बदल्यात तिने काय देऊ केले आहे ते तिला ठाऊक आहे, आणि मला न विचारता ठरवले आहे. मला तिच्याशिवाय राहता येणार नाही. हे मी तिला कधी सांगितलेले नाही.

अर्जुन